निवडणुकीची तारीख कोणाच्या खिशात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

तर, २२ मे २०२४. लंडन, १० डाउनिंग स्ट्रीट. पाऊस पडतोय. पंतप्रधान ऋषी सुनक छत्रीशिवाय बाहेर येतात, सूट भिजतोय, आणि ते सांगतात की निवडणूक ४ जुलैला होणार. म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांवर. त्यांच्या स्वतःच्या पक्षातले कितीतरी खासदारही चक्रावले, कारण बहुतेकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर धरून ठेवला होता.

आता गंमत बघा. ही तारीख जाहीर होण्याआधी मोजक्या लोकांना माहीत होती. आणि ब्रिटनमध्ये निवडणूक कधी होणार यावरसुद्धा पैजा लागतात, अगदी कायदेशीर. नंतर असं समोर आलं की सत्ताधारी पक्षाशी संबंधित काही लोकांनी आणि एका पोलिसाने जुलैच्या निवडणुकीवर पैसे लावले होते. तिथल्या जुगार नियामकाने चौकशी केली आणि एप्रिल २०२५ मध्ये पंधरा जणांवर आरोप ठेवले. ते दोषी आहेत की नाही ते कोर्ट ठरवेल. माझा मुद्दा वेगळा आहे. निवडणुकीची तारीख ही 'आतली बातमी' असू शकते, हेच मुळात विचित्र नाही का?

आणि हे फक्त पैजेपुरतं नाही. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारे भारतीय नागरिक तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देऊ शकतात, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे पुण्याहून किंवा नागपूरहून शिकायला गेलेली मुलगी लंडनमध्ये मतदार होऊ शकते. पण यादीत नाव हवं. त्या वेळी नाव नोंदवायची शेवटची तारीख होती १८ जून. घोषणेपासून चार आठवडेसुद्धा नाहीत. त्यात मे-जून म्हणजे परीक्षा संपायच्या, खोल्या बदलायच्या, म्हणजे पत्ता बदलायचा. स्कॉटलंडमध्ये तर ४ जुलैपर्यंत शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या, लोक बाहेरगावी गेलेले, आणि टपाली मतपत्रिका वेळेत आल्या नाहीत अशा तक्रारी झाल्या. तारीख आधीपासून ठाऊक असती तर यातलं बरंच टळलं असतं.

मग साधा प्रश्न: संसदेची मुदत ठरलेली असावी, की निवडणूक कधी घ्यायची हे सत्तेत बसलेल्या नेत्याने ठरवावं?

पहिल्या नजरेत उत्तर सोपं वाटतं. परीक्षेची तारीख परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यानेच ठरवायची, तीही बाकीच्यांना न सांगता, असं कुठे असतं का! अभ्यास झाला की तो म्हणणार, चला उद्याच घेऊया पेपर. नेताही तेच करतो. जनमत चाचण्या बऱ्या आहेत, महागाई जरा उतरलीय, समोरच्या पक्षात भांडणं चालू आहेत, की लावा निवडणूक. मार्गारेट थॅचर यांनी १९८३ आणि १९८७ मध्ये हेच केलं. पाच वर्षं पूर्ण होऊ दिली नाहीत, चौथ्या वर्षी जूनमध्ये निवडणूक घेतली आणि दोन्ही वेळा जिंकल्या. विरोधी पक्षाला मात्र कायम तयारीत राहावं लागतं: उमेदवार, पैसा, जाहीरनामा, सगळं.

याच्यावर लोक म्हणतात की हा अधिकार अनेकदा उलटतो. खरंय. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये सगळ्यांना वाटत होतं की पंतप्रधान जेम्स कॅलहन निवडणूक लावणार. त्यांनी नाही लावली, थांबले. मग आला संपांनी भरलेला हिवाळा. २८ मार्च १९७९ ला अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१०, एका मताने सरकार पडलं आणि मे महिन्यात थॅचर आल्या. आपल्याकडे २००४ मध्ये वाजपेयी सरकारने 'इंडिया शायनिंग'च्या भरात ऑक्टोबरपर्यंतची मुदत न वापरता एप्रिल-मेमध्ये निवडणूक घेतली आणि हरले. महाराष्ट्रातही १९९९ मध्ये युती सरकारने विधानसभा सहा महिने आधी विसर्जित करून लोकसभेबरोबर निवडणूक घेतली. युतीच्या जागा आल्या १२५, आणि सरकार बनलं काँग्रेस-राष्ट्रवादीचं. पण माझ्या मते ही उदाहरणं लक्षात राहतात ती हरल्यामुळे. ज्यांना तारखेचा फायदा मिळाला त्यांच्याबद्दल कोणी 'तारखेमुळे जिंकले' म्हणत नाही, 'लाट होती' म्हणतात.

बरं, मग तारीख कायद्यात बांधून टाकली तर? ब्रिटनने हे खरंच करून पाहिलं. आणि ते कसं फसलं, तोच आजच्या भागाचा खरा मालमसाला आहे.

२०१० मध्ये तिथे त्रिशंकू संसद आली. डेव्हिड कॅमेरन यांचा कंझर्व्हेटिव्ह पक्ष आणि निक क्लेग यांचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष यांनी मिळून सरकार बनवलं. छोट्या भागीदाराला भीती काय असणार? की मोठा भाऊ सोयीची वेळ बघून निवडणूक लावेल आणि आपल्याला वाऱ्यावर सोडेल. म्हणून २०११ मध्ये मुदतबंद संसदेचा कायदा आला. दर पाच वर्षांनी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी निवडणूक. आधी घ्यायची तर दोनच वाटा. एक, एकूण खासदारांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४ जणांनी हो म्हणायचं. दोन, सरकारवर अविश्वास आणि चौदा दिवसांत दुसरं सरकार उभं राहिलं नाही, तर निवडणूक. २०१५ ची निवडणूक ७ मे रोजी अगदी वेळापत्रकाप्रमाणे झाली. सगळे खूश.

मग २०१७. थेरेसा मे पंतप्रधान. चाचण्यांमध्ये त्या प्रचंड पुढे. १८ एप्रिलला त्यांनी जाहीर केलं की मला निवडणूक हवीय. दुसऱ्याच दिवशी मतदान झालं: ५२२ विरुद्ध १३. दोन तृतीयांशाची ती भक्कम भिंत एका दिवसात आडवी! कारण काय? विरोधी पक्षनेता रोज सांगतो की हे सरकार वाईट आहे. मग सरकार स्वतः म्हणालं की चला जनतेकडे, तर तो 'नको, थांबा' म्हणेल का? लोक म्हणतील घाबरला. कायदा लिहिणाऱ्यांनी आकड्याचा विचार केला, या लाजेचा केला नाही. (मे यांचं काय झालं विचाराल, तर ३३० जागांवरून ३१७ वर आल्या आणि बहुमत गेलं. पण तो त्यांचा प्रश्न.)

२०१९ मध्ये मात्र विरोधकांनी खरंच 'नको' म्हटलं. ब्रेक्झिटची मुदत ३१ ऑक्टोबर. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याकडे बहुमत उरलेलं नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी निवडणुकीचा प्रस्ताव आणला, २९८ मतं बाजूने, ५६ विरोधात. साध्या हिशेबाने जिंकले. पण ४३४ लागत होती ना! लेबर पक्ष तटस्थ राहिला, आणि इथे तटस्थ राहणं म्हणजे विरोधच. काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न: २९३. ऑक्टोबरच्या शेवटी तिसऱ्यांदा: २९९. तिन्ही वेळा आपटले.

विरोधक घाबरत का होते? इथे कायद्यातलं एक भोक बघण्यासारखं आहे. दोन तृतीयांश खासदारांनी मुदतपूर्व निवडणुकीला हो म्हटलं, की मतदानाचा नेमका दिवस कोण ठरवणार? पंतप्रधान! तेच राणीला शिफारस करणार. म्हणजे ज्या माणसाच्या हातातून तारीख काढून घ्यायची म्हणून कायदा केला, त्याच्याच हातात शेवटची तारीख ठेवली होती. विरोधकांना वाटलं, आपण १५ ऑक्टोबर समजून हो म्हणायचं आणि हा गृहस्थ मतदान ३१ तारखेच्या पुढे ढकलणार. संसद विसर्जित झालेली, ब्रिटन कराराविना युरोपीय संघाबाहेर, आणि विचारायला कोणी नाही.

शेवटी कोंडी फुटली ती मजेशीर पद्धतीने. २९ ऑक्टोबरला सरकारने एक छोटासा वेगळा कायदाच आणला: २०११ चा कायदा काहीही म्हणो, या वेळी निवडणूक १२ डिसेंबरला. तारीख कायद्यातच छापलेली, त्यामुळे ती भीतीही संपली. आणि नवा कायदा करायला ब्रिटनमध्ये साधं बहुमत पुरतं. ४३८ विरुद्ध २० ने मंजूर. योगायोगाने त्या दिवशी ४३४ पेक्षा जास्त मतं पडली, पण तेवढी लागत नव्हतीच. कुलपाला दोन किल्ल्या, आणि शेजारची खिडकी उघडी.

२०२२ मध्ये तो कायदा रीतसर रद्द झाला. तारीख पुन्हा पंतप्रधानाच्या खिशात गेली, आणि दोन वर्षांनी सुनक पावसात उभे राहिले.

कॅनडाची गोष्टही अशीच, म्हणून थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये कायदा: चौथ्या वर्षी ऑक्टोबरचा तिसरा सोमवार. तो आणणाऱ्या स्टीफन हार्पर यांनीच २००८ मध्ये मुदतीआधी निवडणूक घेतली. २०२१ मध्ये जस्टिन ट्रुडो यांनी तेच केलं आणि १५७ च्या १६० जागा झाल्या. एवढ्यासाठी!

म्हणजे मुदत बांधणं निरुपयोगी? मी तसं म्हणणार नाही. नॉर्वेत संसद मुदतीआधी विसर्जितच करता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथली आघाडी फुटली, तरी निवडणूक सप्टेंबरमध्ये ठरल्या वेळीच झाली, मधल्या काळात अल्पमताचं सरकार चाललं. नॉर्वेला हे जमतं, कारण तिथे पक्षांना तडजोडीची सवय आहे. २०१९ च्या ब्रिटनमध्ये हाच नियम असता तर ते संसदभवन अजून भांडत बसलं असतं. कोंडी फोडायला एक दार लागतंच.

मला पटतो तो स्वीडनचा मार्ग. तिथे पंतप्रधान मुदतपूर्व निवडणूक लावू शकतो, दार उघडं आहे. पण निवडून आलेली संसद फक्त उरलेल्या काळासाठी. ठरलेली चार वर्षांची निवडणूक तिच्या जागी होणारच. म्हणजे जिंकलात तरी नवीन पूर्ण कार्यकाळ मिळत नाही. मोह कशाचा उरला मग? डिसेंबर २०१४ मध्ये स्टेफान लव्हेन यांचा अर्थसंकल्प पडला, त्यांनी मार्चमध्ये निवडणूक घेणार म्हटलं, आणि महिना संपायच्या आत पक्षांनी समझोता करून ती टाळली. स्वीडनमध्ये शेवटची मुदतपूर्व निवडणूक झाली १९५८ मध्ये. कुलूप लावलंच नाही, बक्षीस काढून घेतलं.

आता तुमच्या डोक्यात आलं असेल: हे कुठेतरी ऐकलंय. बरोबर! 'एक देश, एक निवडणूक'साठीचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, मग संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. त्यात हीच युक्ती आहे: लोकसभा किंवा विधानसभा मध्येच विसर्जित झाली, तर नवं सभागृह उरलेल्या मुदतीपुरतंच.

आपल्याकडे आज स्थिती मधली आहे. राज्यघटनेत पाच वर्षं ही कमाल मर्यादा आहे, हमी नाही. आणीबाणीत तर ती मर्यादाही ताणली होती, ४२ व्या दुरुस्तीने सहा वर्षं केली आणि ४४ व्या दुरुस्तीने परत पाच झाली. सभागृह कधी विसर्जित करायचं हे सरकार ठरवू शकतं, पण मतदानाचा दिवस निवडणूक आयोग ठरवतो. हा फरक छोटा नाही. २००२ मध्ये गुजरात विधानसभा जुलैमध्ये विसर्जित झाली, सरकारला लगेच निवडणूक हवी होती, आयोग म्हणाला परिस्थिती तशी नाही. मतदान झालं डिसेंबरमध्ये. ब्रिटनच्या २०११ च्या कायद्यात नेमका हाच तिसरा माणूस नव्हता.

विधेयकाबद्दल माझी शंका वेगळी आहे. स्वीडनमध्ये ही युक्ती एका संसदेपुरती आहे. इथे अठ्ठावीस राज्यांची घड्याळं दिल्लीच्या घड्याळाला जोडायची आहेत. समजा महाराष्ट्रात चौथ्या वर्षी सरकार पडलं. लाखो लोक रांगेत उभे राहून जे सरकार निवडतील, ते वर्षभराचं असेल. आणि ते पडलं त्यात नेत्याचा डाव असेलच असं नाही, आमदार फुटले म्हणूनही पडेल. तो अनुभव आपल्याला नवा नाही. तारखेशी खेळणाऱ्या नेत्याला चाप बसेल हे मान्य, पण तोच चाप मतदारालाही बसेल. समितीसमोरच्या चर्चेत मी हाच मुद्दा शोधत असतो. तुम्हीही बातम्या वाचताना 'उरलेली मुदत' हे दोन शब्द दिसले की थांबून बघा, नेमकं कोणाबद्दल लिहिलंय.

चला, आजच्या भागात एवढंच. भेटू पुढच्या आठवड्यात.