हौसेची मालकी कोणाची?

हौस बाजारात उभी राहिली की तिचे मोल वाढते. पण तिची मालकीही बदलू लागते. जपानमधील 'तोक्यो ऑटो सलोन' हे याचे बोलके उदाहरण होय. १९८३ साली हे प्रदर्शन सुरू झाले, ते मोटारींचे रूप व इंजिन आपल्या कल्पनेने पालटणाऱ्या छोट्या कारागिरांच्या बळावर. १९९५ मध्ये जपान सरकारने अशा बदलांवरील निर्बंध सैल केले. हौसेला प्रतिष्ठा लाभली आणि प्रतिष्ठेपाठोपाठ भांडवल आले. आज तेथे टोयोटा, होंडा यांचेही प्रशस्त मंडप असतात.

साहजिकच प्रदर्शन पाहून परतणारे शौकीन दोन सुरांत बोलतात. एकाला तपासलेले, हमीचे सुटे भाग मिळाल्याचा आनंद. दुसऱ्याला हातच्या कामाची जागा तयार मालाने घेतल्याची खंत. यातील पहिला सूर उपेक्षणीय नाही. रस्त्यावरील सुरक्षितता ही केवळ मालकाची खासगी बाब नव्हे. परंतु ज्या कारागिरांनी पदरमोड करून ही बाजारपेठ घडविली, त्यांनाच तिच्यात गाळा परवडेनासा झाला, तर उद्याची नवी कल्पना येणार कोठून? भांडवल कल्पना विकत घेऊ शकते. ती रुजण्यासाठी लागणारी छोटी जागा मात्र जाणीवपूर्वक राखावी लागते.