ढेपेतली प्रथिने ताटात आणायला हवीत

दसरा-दिवाळीच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्याच्या शिवारात सोयाबीनची मळणी होते आणि कपाशीची वेचणी सुरू होते. सोयाबीनच्या १०० ग्रॅम दाण्यात ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत २२ च्या आसपास, ज्वारीत जेमतेम १०. सरकीच्या गरातही डाळीइतकी प्रथिने असतात. पण तेल निघाले की यातला बहुतेक साठा ढेप होऊन जनावरांच्या, आणि सोयाबीनचा कोंबड्यांच्याही, खाद्यात जातो. याच महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ जणांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. त्यामागे आजारपण, अस्वच्छ पाणी, आईचे कुपोषण अशी अनेक कारणे आहेत. निकस आहार हे त्यातले मोठे कारण.

प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यातली नऊ आहारातूनच मिळवावी लागतात. गहू-ज्वारीत लायसिन कमी पडते, ते डाळी-सोयाबीनमध्ये भरपूर असते. डाळींमध्ये मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. भाकरीबरोबर वरण किंवा झुणका खाण्याची आपली रीत म्हणूनच पोषणाच्या कसोटीवर पक्की उतरते. अडचण एवढीच, की डाळ महागली की गरिबाच्या घरातले वरण पातळ होत जाते.

मग सोयाबीन सरळ शिजवून का खाऊ नये? बी हा रोपट्यासाठी राखलेला शिधा आहे आणि वनस्पती त्याला संरक्षक रसायनांचा पहारा बसवते. कच्च्या सोयाबीनमधला असा एक घटक ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतो, त्यामुळे प्रथिने पचत नाहीत. ऑसबॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवले, की शिजवलेल्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होते, कच्च्यावर होत नाही. घरी करायचे तर दाणे उकळत्या पाण्यात टाकून २०-२५ मिनिटे उकळावेत, पाणी काढून खडखडीत वाळवावेत, साल पाखडून दळणात मिसळावेत. उग्र वासही यामुळे बराच कमी होतो. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन घातले, तर पिठातली प्रथिने साधारण १२ टक्क्यांवरून १४-१५ टक्क्यांवर जातात, आणि गव्हातली लायसिनची उणीवही बरीच भरून निघते. बाजारातल्या सोयावड्या तर तेल काढलेल्या सोयापिठाच्याच असतात. त्यात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो.

सरकीचा पहारा अधिक कडक आहे. तिच्यातले गॉसिपॉल माणसाला आणि कोंबडीला विषारी ठरते; रवंथ करणारी मोठी जनावरे ते बऱ्याच प्रमाणात पचवतात. अमेरिकेत टेक्सासमधले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये फक्त बियांतले गॉसिपॉल अत्यल्प ठेवणारी कपाशी जनुकतंत्राने घडवली. पाने-खोडातले रसायन तसेच राहिल्याने झाडाचा किडींपासून बचाव कायम राहतो. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ही सरकी खाण्यायोग्य ठरवली. आपल्या शेतातली सरकी तशी नाही, म्हणून ती खायची नाही. पण नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९४२ मध्ये सुरू झालेली, तेल-तंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण संस्था आहे. कपाशीच्या या मुलखाने सरकी खाण्यायोग्य करण्याच्या प्रश्नाकडे आपला प्रश्न म्हणून पाहायला हवे.

सोयाबीनसाठी मात्र कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. जनावरांसाठीची ढेप माणसाच्या खाण्याची नसते. खाण्यायोग्य पीठ स्वच्छ दाण्यांपासून, नीट उष्णता देऊनच करावे लागते. गावातल्या बचतगटाला उकळण्याची मोठी भांडी, वाळवणाची स्वच्छ जागा आणि चक्की एवढे मिळाले, तर गावातच ते तयार होऊ शकते आणि अंगणवाडीच्या पोषण आहारातही जाऊ शकते. पोटभर जेवण मात्र आधी हवे. ते नसेल तर शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. पीक तालुक्यात आहे, पद्धत सोपी आहे. ज्या घरातले हात ते पिकवतात, त्या घरातल्या लेकरांचा त्यावर पहिला हक्क आहे.