खाटकाच्या दुकानामागचं पातेलं

रविवारी सकाळी चर्च सुटलं की शिकागोच्या सव्वीसाव्या रस्त्यावरची बरीचशी गर्दी खाटकाच्या दुकानांकडे वळते. हा भाग लिटल व्हिलेज, तिथल्या मेक्सिकन लोकांच्या तोंडी ‘ला व्हियीता’. एकेकाळी ही चेक लोकांची वस्ती होती. ते पांगले, विटांची घरं राहिली आणि त्यांत मिचोआकान, हालिस्को, गेर्रेरो या प्रांतांतून आलेली कुटुंबं नांदू लागली.

दुकानाला कार्निसेरीआ म्हणायचं, पण आत नुसतं मटण नसतं. दाराशी पपई, कोथिंबीर, काटे काढलेली निवडुंगाची पानं. मधल्या फळ्यांवर सुक्या मिरच्या. मागे काचेआड मांस, आणि त्याच्याही मागे चार-सहा टेबलं, शेगडीवर मोठाली पातेली. पुढे बाजार, मागे खानावळ.

या जेवणाची चव इथेच का जमते, ते या मांडणीत आहे. स्वयंपाक्याला लागणारी मिरची आणि मांस हाताशी असतं. शिवाय समोर बसलेलं गिऱ्हाईक हेच सगळं घरी रांधणारं असतं. मिरची नीट भाजली नाही, तर ते दुसऱ्या घासाला ओळखतं. याउलट १९६२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टॅको बेल या साखळीने कडक, घडी घातलेल्या टाकोची आणि पिवळ्या चीजची सवय जगाला लावली. ती चव चटकदार असेल, पण घरच्या जेवणाशी तिचा संबंध नाही.

खरं मर्म तॉर्तियात, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीत आहे. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी सालं सुटलेली असतात. ती धुऊन तो मका ओलाच दळला की मऊ गोळा होतो, त्याला मासा म्हणतात. चुन्यामुळे पीठ थापण्याजोगं चिवट होतं, त्यात कॅल्शियम येतं आणि मक्यात अडकून असलेलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मेक्सिकोत ही रीत हजारो वर्षांची. युरोपीयांनी मका नेला, चुना मात्र मागेच राहिला. मग इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्राने गाठलं. त्वचा सोलवटणारा, डोकं भ्रमिष्ट करणारा हा रोग नायासिनच्या अभावाचा. मेक्सिकोतल्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. तिला मका कसा शिजवायचा ते ठाऊक होतं, आणि ते पुरेसं होतं. तॉर्तिया शिकागोलाही नव्या नाहीत; ‘एल मिलाग्रो’ हा त्यांचा कारखाना तिथे १९५० पासून आहे.

पातेल्यांत काय असतं, ते वारावर ठरतं. मेनूदो, म्हणजे गाईच्या वजडीचा लाल, झणझणीत रस्सा, बहुतेक ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी. वजडी साफ करायला आणि शिजायला तासन्‌तास लागतात, हे एक कारण. आदल्या रात्री जास्त झालेल्यांचा हा हमखास उतारा समजला जातो, हे दुसरं! पोसोले त्याहून सौम्य. त्यात चुन्यात शिजवून फुलवलेले मक्याचे टपोरे दाणे आणि डुकराचं किंवा कोंबडीचं मांस. वरून कोबी, मुळ्याच्या चकत्या, ओरेगानो, लिंबू. हालिस्कोचं पोसोले लाल, गेर्रेरोचं हिरवं, आणि कोणतं खरं यावर वाद. कार्नितास मिचोआकानचे. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात आणि पौंडाच्या वजनावर विकतात. याच मिचोआकानच्या पाकपरंपरेचा दाखला देत युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतात ते चिलाकिलेस. शिळ्या तॉर्तियांचे तुकडे तळायचे आणि हिरव्या किंवा लाल सालसात परतायचे. आपल्या फोडणीच्या पोळीची ही सख्खी मावसबहीण.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने तर या दुकानात जायलाच हवं. कोथिंबीर, हिरवी मिरची, चिंच इथे अनेकदा सुपरमार्केटपेक्षा स्वस्त मिळतात. सुक्या मिरच्यांची फळी वाचायला थोडं शिकावं लागतं: पोब्लानो वाळली की आन्चो, हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. हमाइका नावाचं लालभडक सरबत लाल अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांचं. आपण उपासाला खातो त्या राजगिऱ्याचं मूळही मेक्सिकोतलंच. त्याच्या लाह्यांच्या पाकातल्या वड्यांना तिथे आलेग्रीआ म्हणतात, म्हणजे आनंद.

शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून घ्यावं. वाटल्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी असते, तांबड्या भातात कोंबडीचं पाणी. निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज भरून भाजलेली तॉर्तिया), पोब्लानोच्या पट्ट्या आणि चीज मागावं. तेही चरबीत परतलंय का, एवढं विचारून. आणि जायचं तर सकाळीच जा. रविवारी दुपार कलली की मेनूदोचं पातेलं रिकामं झालेलं असतं, आणि ते पुन्हा चढतं ते पुढच्या शनिवारी.