तीन रंग, एक कागद आणि घरची भाषा



बालवाडीत नव्याने आलेल्या मुलापुढे ताई खडू ठेवतात आणि विचारतात, "लाल कोणता?" मूल गप्प राहते. "याला रंग कळत नाहीत," असा शेरा मारायला मग वेळ लागत नाही. आपल्या सोलापुरात तरी ही घाई करू नये. येथे मराठी, कन्नड, तेलुगू, लमाणी आणि पारधी बोलणाऱ्या घरांतली मुले एकाच वर्गात बसू शकतात. मराठी घरातसुद्धा एक आजी 'लाल' म्हणते, तर दुसरी 'तांबडा'. कन्नड घरात तोच रंग 'केंपू' असतो आणि तेलुगू घरात 'एरुपु'. मुलाला रंग दिसत असतो. त्याच्याजवळ नसतो तो आपला शब्द.

या शहराला शिक्क्याचे दुःख नवे नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात अशा कुटुंबांना काटेरी तारेच्या आत, सेटलमेंटमध्ये ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या कुटुंबांची पतवंडे आज पाटी-दप्तर घेऊन येतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्यावर 'मंद' हा दुसरा शिक्का बसता कामा नये.

म्हणूनच रंगांची ओळख प्रश्नोत्तरांनी न करता चित्रातून करावी. चित्र काढताना मुलाला बोलावे लागत नाही, हातानेच उत्तर देता येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्याचे सूत्र हेच होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे आणि तिथल्या बिया, पाने, शिंपले, दगड यांतूनच शिकवावे. ज्या वारली पाड्यांत हे काम चालले, तिथल्या मुलांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे घरीच पाहिलेली असत. रंग त्यांना परके नव्हतेच.

लाल, पिवळा आणि निळा हे चित्रकलेतील मूळ रंग मानले जातात, कारण पेटीतले इतर रंग मिसळून ते तयार होत नाहीत. उलट त्यांच्यापासून इतर रंग तयार होतात. छपाईचे आणि मोबाइलच्या पडद्याचे मूळ रंग वेगळे असतात, पण तो धडा वरच्या वर्गातला.

शिकवण्याचा क्रम असा ठेवावा :

१. आधी जुळवणी. कागदावर पिवळा ठिपका काढा आणि "याच्यासारखा दुसरा शोध," एवढेच सांगा. मुलाने योग्य खडू उचलला, तर त्याला रंग कळतो. आता फक्त नाव शिकवायचे राहिले.

२. एका आठवड्यात एकच रंग. पिवळ्याच्या आठवड्यात हळद, लिंबू, झेंडू आणा आणि त्यांचीच चित्रे काढू द्या. "झेंडू पिवळा आहे," असे आधी वस्तू आणि मग रंग या क्रमाने बोला. म्हणजे मुलाची नजर वस्तूवर स्थिर झाल्यावर शब्द कानी पडतो.

३. घरचा शब्द विचारा. "तुझी आई याला काय म्हणते?" तो शब्द सर्वांनी एकदा म्हणावा, मग मराठी शब्द. पिवळ्याला कन्नडमध्ये 'हळदी' म्हणतात, हे ऐकून मराठी मुलांनाही गंमत वाटेल.

४. शेवटी मिसळण. पोस्टर रंगाच्या तीन बाटल्या पुरतात. निळा रंग जोरकस असतो, म्हणून पिवळ्यात तो थेंबाथेंबाने घाला. हिरवा उमलताना दिसतो. लाल-पिवळ्याचा नारिंगी होतो आणि लाल-निळ्याचा जांभळा. तिन्ही एकत्र झाले तर मातकट रंग होतो. तो 'बिघडला' म्हणू नका. त्याने शेत रंगवू द्या.

साधारण तीन ते चार वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुले रंगांची नावे नीट सांगू लागतात. त्याआधीचा गोंधळ स्वाभाविक आहे. मात्र पाच वर्षांचे मूल जुळवणीतच लाल आणि हिरव्यात वारंवार चुकत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतो आणि त्याचा बुद्धीशी काहीही संबंध नाही.

एक सावधगिरी : बाजारातले कुंकू किंवा रंगपंचमीची पूड चित्रासाठी देऊ नका. लहान मुलांची बोटे तोंडात जातात आणि अशा पुडींत काय मिसळले आहे ते सांगता येत नाही.

वाचकहो, आपल्या वस्तीतल्या बालवाडीला तीन बाटल्या रंग आणि पाठकोरे कागद देणे आपल्यापैकी अनेकांना सहज जमेल. ते द्यायला गेलात की थोडा वेळ तिथे बसा आणि एखाद्या मुलाला त्याच्या चित्रातल्या रंगांची त्याच्या घरची नावे विचारा. आपले नाव सांगायलाही लाजणारे मूल तेव्हा आपल्याला शिकवू लागते.