धडक बसल्यानंतर : सायकलस्वार व त्यांच्या कुटुंबीयांसाठी काही आवश्यक माहिती

पुणे-अहिल्यानगर महामार्ग, ज्याला या भागातील मंडळी आजही ‘नगर रस्ता’ म्हणतात, आणि तळेगाव दाभाडेहून चाकणमार्गे येणारा रस्ता हे दोन्ही शिक्रापूर येथे एकत्र येतात. एका बाजूस सणसवाडी व कोरेगाव भीमा, तर दुसऱ्या बाजूस रांजणगाव गणपतीची औद्योगिक वसाहत. त्यामुळे कंटेनर, मालट्रक, कारखान्यांच्या बसगाड्या आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या यांची वर्दळ या रस्त्यांवर अहोरात्र असते. याच रस्त्यांच्या कडेने पाळीवर जाणारे कामगार, दूध घालणारे शेतकरी आणि शाळेत जाणारी मुले-मुली सायकलवरून ये-जा करतात. सायकलस्वाराच्या अंगाभोवती ना लोखंडी सांगाडा असतो, ना पट्टा. लहानशी धडकही त्याला थेट रस्त्यावर फेकून देते.

अपघात विभागाचे काम पाहताना आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. शरीराची दुखापत बहुधा भरून निघते. परंतु पहिल्या काही तासांत घाईने, भीतीने वा अज्ञानाने जे बोलले किंवा लिहून दिले जाते, त्याचे परिणाम कुटुंबाला पुढे अनेक वर्षे भोगावे लागतात. म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय सविस्तर मांडण्याचे ठरविले आहे. देणगीदार व विश्वस्त यांनी तो वाचावाच; परंतु आपल्या घरी, कारखान्यात वा शेतावर सायकल वापरणारे जे कोणी असतील, त्यांनाही तो वाचून दाखवावा, ही विनंती.

पहिली काही मिनिटे

धडक बसल्यावर शक्य असेल तर सायकलस्वाराने रस्त्याच्या कडेला यावे. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर मात्र स्वतः उठू नये आणि इतरांनीही त्याला ओढून उठवू नये. मागून येणारी वाहने कोणीतरी थांबवावीत. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी आणि ती वारंवार उचलून पाहू नये. जखमेत काही रुतले असल्यास ते उपसून काढू नये. तहान लागली म्हणून पाणी किंवा चहा पाजण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु तातडीच्या शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने तोंडाने काहीही देऊ नये.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक विनामूल्य आहेत. दूरध्वनीवर केवळ ‘नगर रस्त्यावर’ असे न सांगता जवळचा चौक, पेट्रोल पंप, कंपनीचे फाटक किंवा किलोमीटरचा दगड सांगावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल आणि जीपमधून न्यावे लागले, तर जखमीला दुमडून न बसविता शक्य तितके सरळ, आडवे ठेवून आणावे.

मदत करणाऱ्या वाटसरूंनी घाबरण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ समाविष्ट झाले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याने आपले नाव सांगणे ऐच्छिक आहे. रुग्णालयही त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. जखमीला दाखल करून तो निघून जाऊ शकतो.

‘काही लागले नाही’ या वाक्याचा धोका

सायकलस्वार उठतो, कपडे झटकतो, चारचौघांत संकोच वाटतो आणि ‘काही लागले नाही’ असे म्हणून घरी जातो. हे वाक्य आम्हांस सर्वांत धोकादायक वाटते. डोक्याला मार लागल्यावर माणूस काही काळ अगदी शुद्धीवर राहून नंतर बेशुद्ध होऊ शकतो, कारण कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत असते. लहान मुलांच्या बाबतीत सायकलचे हँडल पोटात घुसते. बाहेर फक्त एक गोल वण दिसतो. आत मात्र यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडास इजा झालेली असते आणि तिची लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

म्हणून धडक कितीही किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यानंतर घरी असताना वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, अतिझोप, पोट कडक होणे, लघवीतून रक्त, श्वास घेताना दुखणे किंवा हातापायातील जोर कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. रस्त्यावरील प्रत्येक उघड्या जखमेसाठी धनुर्वाताच्या लसीची विचारणा करावी.

केसपेपरवरची पहिली ओळ

आता आमच्या कार्यालयीन अनुभवातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अपघातग्रस्त रुग्ण येताच त्याच्या केसपेपरवर दुखापत कशी झाली, हे लिहिले जाते. वाहनाची धडक असल्यास ती वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एम.एल.सी. होते आणि रुग्णालय पोलिसांना कळविते. ‘पोलिसांचे लचांड नको’ या भीतीने, किंवा वाहनचालक शेजारी उभा राहून विनवीत असल्याने, अनेक नातेवाईक ‘सायकलवरून घसरून पडला’ असे सांगतात. डॉक्टर तेच लिहितात.

काही वर्षांपूर्वी रात्रपाळी करून परतणाऱ्या एका कामगाराच्या बाबतीत असेच झाले. टेम्पोचालकानेच त्याला आणले होते. ‘सगळा खर्च मी करतो’ या त्याच्या शब्दावर विसंबून कामगाराच्या भावाने घसरून पडल्याचे सांगितले. मांडीचे हाड मोडले होते. पहिल्या दोन दिवसांच्या औषधांचे पैसे देऊन चालक दिसेनासा झाला. पुढे कुटुंबाने दावा केला, तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांनी सर्वप्रथम केसपेपरची तीच ओळ पुढे केली. कुटुंबीय ती ओळ बदलून मागण्यासाठी आमच्याकडे आले. परंतु रुग्णालयाची नोंद खोडता येत नाही, आणि खोडूही नये. तिच्या खोट्या-खरेपणावरच तर इतर सर्व रुग्णांचे दावे उभे असतात. त्यांचे नवे निवेदन त्या दिवसाच्या तारखेसह स्वतंत्रपणे नोंदवून घेणे एवढेच शक्य होते. त्या घरातील कर्ता पुरुष अनेक महिने अंथरुणाला खिळून होता, हे आठवले की ही सूचना पुनःपुन्हा सांगावीशी वाटते.

तेव्हा खरे तेच सांगावे : कोणत्या वाहनाने, कोठे, किती वाजता, कोणत्या बाजूने धडक दिली. वाहनाचा क्रमांक माहीत असल्यास तो लिहून घेण्यास सांगावे. माहीत नसल्यास ‘अज्ञात वाहनाची धडक’ असे नोंदवावे. अंदाजाने क्रमांक सांगू नये.

उपचार आधी, कागद नंतर

पोलिसांचा कागद नाही म्हणून उपचार थांबविता येत नाहीत. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने दाखल न करता दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले आणि वाटेत त्याचा मृत्यू झाला, या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. १९८९ सालच्या परमानंद कटारा खटल्याच्या त्या निकालात, जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांवर त्याहून अधिक जबाबदारी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. या खर्चासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते.

याशिवाय केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना अधिसूचित केली आहे. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमीस, तो सायकलस्वार असो वा पादचारी, नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळू शकतात. यासाठी पोलिसांकडून अपघाताची खातरजमा व्हावी लागते. एम.एल.सी. नोंद खरी असण्याचे महत्त्व येथेही दिसून येईल. आपण ज्या रुग्णालयात आहात, तेथे ही योजना व महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे काय, हे दाखल होतानाच स्वागतकक्षात विचारावे.

पोलीस ठाण्यात

कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना खबर देणे हे वाहनचालकाचे कर्तव्य आहे. परंतु त्याच्यावर विसंबून राहू नये. कुटुंबातील एकाने रुग्णाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने पोलीस ठाण्यात जावे. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, अशी तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

मोडलेली सायकल पंचनामा होईपर्यंत दुरुस्त करू नये किंवा भंगारात देऊ नये. फाटलेले, रक्ताने माखलेले कपडे धुऊ नयेत. सायकल, वाहन, क्रमांकाची पाटी, रस्त्यावरील खुणा यांची छायाचित्रे घ्यावीत. साक्षीदारांचे नाव व दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावेत. या परिसरात कारखान्यांची फाटके, पेट्रोल पंप व दुकाने येथे कॅमेरे असतात. परंतु त्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून ते जतन करण्याची विनंती पोलिसांकडे लगेच लेखी करावी.

जागेवरची तडजोड

अपघातस्थळीच काही हजार रुपये देऊन विषय मिटविण्याचा प्रयत्न सर्रास होतो. आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, त्या क्षणी दुखापत किती, काम किती महिने बुडणार, दुसरी शस्त्रक्रिया लागणार काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ज्या नुकसानीचा आकडाच निघालेला नाही, तिची पावती लिहून देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. रागाच्या भरात चालकाला मारहाण करणे, वाहन फोडणे हेही टाळावे. त्याने जखमीचे भले होत नाही आणि फिर्यादीच उलटी फिरते.

नुकसानभरपाईचे मार्ग

सायकलस्वाराजवळ स्वतःचा विमा नाही, म्हणून भरपाई नाही, हा गैरसमज आहे. प्रत्येक मोटार वाहनास तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे आणि सायकलस्वार हा तो तृतीय पक्ष होय. वाहनाचा विमा नसल्यास जबाबदारी मालकावर येते.

वाहन सापडले असल्यास कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, ती कसोशीने पाळावी. उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न, कायमचे अपंगत्व, वेदना या सर्वांचा विचार त्यात होतो. कलम १६४ अन्वये चूक सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. मात्र ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. म्हणून निवड करण्यापूर्वी वकिलांचा सल्ला घ्यावा.

वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. पूर्वी हेच आकडे अनुक्रमे २५ हजार व साडेबारा हजार होते. अर्ज महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. त्याविषयी तहसील कार्यालयात चौकशी करावी. एका महिन्यात वाहनाचा शोध न लागल्यास पोलिसांनी जखमीला या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला आहे.

वकिलाची फी परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विनामूल्य विधी साहाय्य मिळते. कामावर जाता-येता अपघात झालेल्या कामगाराने कंपनीलाही त्वरित लेखी कळवावे.

एक पिशवी, एक वही

शेवटी एक साधी सूचना. अपघाताच्या पहिल्या दिवसापासून एक पिशवी व एक वही ठेवावी. पिशवीत केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या व त्यांची क्रमवार देयके, डिस्चार्ज कार्ड, प्रथम खबर अहवाल, पगारपत्रक आणि पुढे मिळणारे अपंगत्वाचे प्रमाणपत्र असावे. वहीत रोजचा प्रवासखर्च, बुडालेले दिवस आणि रुग्णाजवळ कोण थांबले, हे लिहावे. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, प्रती द्याव्यात.

रुग्णालयाचे काम हाड जुळल्यावर संपते, असे आम्ही मानीत नाही. जखमी माणूस पुन्हा कामावर उभा राहावा आणि त्याच्या मुलांची शाळा सुटू नये, येथपर्यंत उपचाराची व्याप्ती आहे. देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयामुळे अपघात विभागाचे दार रात्रीही अनामत रकमेवाचून उघडे राहते.