आवारातील मृत जनावर

महाबळेश्वरसारख्या अरण्याने वेढलेल्या गिरिस्थानी ज्याची मिळकत आहे, त्याच्या आवारात केव्हातरी विजेच्या तारेने मेलेले शेकरू किंवा एखाद्या गव्याचे कलेवर आढळणे ओघानेच येते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम फावड्याकडे जातो, तो आवरावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९व्या कलमान्वये मृतावस्थेत सापडलेला वन्य प्राणी, जमीन कोणाचीही असो, सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात वा वनाधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी लागते. पंचनामा हे पुढे त्यांचे काम.

वटवाघळांचा विषय तर आपल्या गावचाच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये येथील एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली आणि २०२१ मध्ये ते वृत्त येताच जो गहजब उडाला, तो माझ्या मते अनाठायी होता. तथापि मृत वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, हे खरेच. माकड मेलेले दिसल्यास जवळही जाऊ नये, कारण १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली तेव्हाच माकडताप उघडकीस आला, पुढे तो सिंधुदुर्गातही पोहोचला, आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी थंड पडलेले शव सोडून जिवंत शरीर शोधू लागतात.

घरचे जनावर असल्यास नगरपरिषदेस कळवावे, आणि पुरायचेच तर विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरावे. वन्य प्राण्यासाठी वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आजच टिपून ठेवा.