शरीरपेशींची पारख : एक दुर्लक्षित व्यवसाय

आमच्या पुतण्याची कन्या यंदा बारावी उत्तीर्ण झाली आणि वैद्यकीय प्रयोगशाळेचें शिक्षण घेण्याचा हट्ट धरून बसली. ‘डॉक्टर व्हायचें नाहीं, तर मांसाचे तुकडे कापीत कशाला बसायचें?’ असा तिच्या आजींचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, रोकडा सवाल! निवाडा आमच्याकडे आला.

आम्हीं प्रथम सुश्रुताचार्यांचा दाखला दिला. शरीराचें निःसंशय ज्ञान हवें असेल, त्या शल्यवैद्यानें शव सात रात्री वाहत्या पाण्यांत ठेवून थरामागून थर घासून पाहावा, असें त्यांच्या संहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. मग यांत विटाळ कसला?

आतां कामाचें स्वरूप पाहूं. शस्त्रक्रियेनें काढलेली गाठ कुजूं नये म्हणून फॉर्मॅलिनमध्यें ठेवितात. पुढें अल्कोहोलनें तिच्यांतील पाणी व झायलीननें तें अल्कोहोल काढून, ती वितळलेल्या मेणांत मुरवितात. मेण गोठल्यावर मायक्रोटोम यंत्रानें तिचे काप घेतात. एकेक काप सुमारें ३ ते ५ मायक्रॉन जाड. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! काप कांचेवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन व इओसिन हे रंग दिले, कीं पेशींचीं केंद्रें निळीं व भोंवतालचा भाग गुलाबी दिसतो. मग विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टर सूक्ष्मदर्शकांतून निदान करितात.

परंतु काप सुरकुतला, किंवा दोन रुग्णांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, तर थोर डॉक्टरही फसेल. निरोग्याच्या अंगावर शस्त्र चालेल आणि रोगी निश्चिंतपणें घरीं जाईल. म्हणून येथें बुद्धीइतकीच सचोटी व हातांची स्थिरता लागते.

बारावीस विज्ञान घेतलेल्यांस या विषयाची पदविका किंवा पदवी घेतां येते. संलग्न आरोग्यव्यवसायांसाठीं २०२१ सालीं संसदेनें केलेल्या कायद्यांत या शास्त्राचाही समावेश आहे. मात्र शुल्क भरण्यापूर्वीं संस्थेची मान्यता पालकांनीं स्वतः तपासावी.

शेवटीं आम्हीं म्हणालों, ‘वहिनी, दोन वर्षांपूर्वीं तुमच्या गाठीचा अहवाल येईपर्यंत आठ दिवस घरांत कोणास अन्न गोड लागलें नाहीं. गाठ साधी निघाली. आपण डॉक्टरांस पेढे दिले. पण तो काप ज्या हातांनीं घेतला, त्यांची आठवण कोणास झाली का?’

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं नातीच्या प्रवेशाचे पैसे मात्र त्यांनींच आपल्या कपाटांतून काढून दिले.